मित्रांच्या भरवशावर बांधलेले घर आणि रेडी-मिक्स काँक्रीट : इंदूरहून एक परीक्षण

इंदूरमध्ये आजही पुष्कळ मध्यमवर्गीय घरे ‘लेबर रेट’वर बांधली जातात. सिमेंट, सळई, रेती, गिट्टी, विटा हे सगळे घरमालक स्वतः आणतो आणि मिस्त्री-मजुरांच्या टोळीला फक्त बांधणीचे पैसे चौरस फुटाच्या दराने देतो. या पद्धतीत पैसा वाचतो आणि मालाची खात्री राहते, पण साइटवर सतत कोणीतरी जबाबदार माणूस उभा असावा लागतो, आणि नोकरी करणाऱ्या घरमालकाला ते एकट्याने निभावत नाही. अशा वेळी मित्र उभे राहतात. इंदूरलगतच्या राऊच्या बाजूला आमचे जे घर बांधले जात आहे, ते असेच मित्रांच्या भरवशावर वर आले आहे. त्याच्या पहिल्या स्लॅबसाठी आम्ही साइटवर माल न कालवता शहराबाहेरच्या एका प्लांटवरून तयार काँक्रीट मागवले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. ज्याच्या बांधकामाची देखरेख पगारी सुपरवायझरऐवजी मित्रमंडळी करतात, त्याच्या ती कितपत उपयोगाची, हे मला मुख्यतः सांगायचे आहे. पुरवठादाराचे नाव मी देत नाही. तक्रारही आहे आणि कौतुकही आहे.

आमच्या मदतीला कोण कोण होते हे आधी सांगायला हवे, कारण सेवेचे मोल त्यावर ठरते. शाळेपासूनचा एक मित्र स्थापत्य अभियंता आहे. इंदूरच्याच श्री गोविंदराम सेकसरिया अभियांत्रिकी संस्थेत तो शिकला आणि आमच्या घराच्या सळईकामाचे नकाशे त्यानेच केले. दुसरा बँकेतून निवृत्त झालेला आहे आणि कागद, आकडे, पावत्या यांत त्याचा हात धरणारा मला कोणी माहीत नाही. तिसऱ्याचा वीजजोडणीचा व्यवसाय आहे. पत्नीची मैत्रीण शाळेत गणित शिकवते. सळई उतरली तेव्हा तिने व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने प्रत्येक मापाचे मीटरमागचे वजन काढून दिले, म्हणजे ८ मिलिमीटरचे ०.३९५ किलो, १० चे ०.६१७, १२ चे ०.८८९, आणि प्रत्येक मापाचे तुकडे काट्यावर तोलून ते मानकात दिलेल्या कमी-जास्तीच्या मर्यादेत बसतात की नाही हेही पाहिले. उरलेले दोन-तीन शेजारी-मित्र असे आहेत की त्यांना बांधकामातले फारसे कळत नाही, पण सकाळी सहाला या म्हटले तर ते पावणेसहाला हजर असतात. अशा मंडळींना चोख करता येईल असेच देखरेखीचे काम असले पाहिजे, आणि साइटवर कालवलेल्या काँक्रीटचे काम तसे नसते, हे आम्हाला पायाच्या वेळी कळले होते.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ती पूर्ण काढून खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खोदावे लागले आणि फुटिंगे (खांबांखालचे पायाचे चौथरे) जशी तयार होत गेली तशी थोडी थोडी भरली गेली. एवढ्याशा प्रमाणाला साइटवरचा मिक्सरच योग्य होता, आणि त्या निर्णयाबद्दल आजही माझी तक्रार नाही. पण मिक्सरजवळ उभ्या राहिलेल्या मित्राला नेमके काय पाहावे लागते ते सांगतो. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते आणि त्याचे आकारमान साधारण ३५ लिटर भरते. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटसाठी (‘एम’पुढचा आकडा ताकदीचा असतो) एकास दीड आणि तीन हे प्रमाण धरले, तर एका पोत्यामागे ३५ लिटरच्या फर्म्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने, दीड फर्मा रेती आणि तीन फर्मे गिट्टी जायला हवी. पाण्याची मर्यादा ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकाच्या तक्त्यात एम-२० साठी पोत्यामागे ३० लिटर अशी दिलेली आहे. रेती ओलसर असेल तर ती फुगते आणि फर्मा भरलेला दिसला तरी आत रेती कमी असते. शिवाय ओल्या रेतीतले पाणीही मोजायला हवे. हे सगळे प्रत्येक घाण्याला, म्हणजे मिक्सरच्या प्रत्येक भरतीला, पाहायचे, आणि घाणे एकामागून एक पडत असतात.

मजुरांना यात दोष देणे बरोबर नाही. झाबुआ-अलीराजपूरकडून आलेली ही माणसे दिवसभर घमेली उचलतात, आणि पातळ माल ओढायला, पसरायला, सारखा करायला सोपा जातो. पण प्रत्येक जास्तीच्या बादलीबरोबर काँक्रीटची ताकद उतरते आणि सुकल्यावर त्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात. तिथे उभा असलेला मित्र पहिल्या तासाला टोकतो, दुसऱ्या तासाला टोकतो, आणि दुपारपर्यंत त्याला स्वतःलाच वाईट वाटू लागते. मालक नसताना दुसऱ्याच्या घरी मजुरांना सतत अडवणे हे भिडस्त माणसाच्या स्वभावाबाहेरचे काम आहे. निवृत्त बँकर मित्राने मला सरळ सांगितले होते, “हिशेब कितीही वेळ तपासेन, पण पाण्याच्या बादलीवरून माणसांशी भांडायला मला लावू नकोस.” त्याचे म्हणणे रास्त होते.

स्लॅब सुमारे १००० चौरस फुटांचा आणि १२५ मिलिमीटर जाडीचा. तेवढ्यालाच साधारण साडेअकरा घनमीटर काँक्रीट लागते आणि बीम धरून आकडा पंधराच्या घरात जातो. एम-२० च्या प्रमाणाने एका पोत्यात सुमारे अष्टमांश घनमीटर माल होतो, म्हणजे पंधरा घनमीटरला १२० पोती. १२० वेळा मिक्सर भरायचा, १२० वेळा पाणी मोजायचे, आणि तेही एकाच दिवसात, कारण स्लॅब मध्येच सोडता येत नाही. त्यातून आमच्या नकाशात एम-२५ लिहिलेले होते. आयएस ४५६ प्रमाणे ठोकळ प्रमाणाने केलेले काँक्रीट एम-२० पर्यंतच चालते. त्यावरच्या प्रतीसाठी प्रयोगशाळेत ठरवलेले डिझाइन मिक्स लागते. फर्म्याने रेती मोजून एम-२५ केले असे कोणी सांगत असेल तर त्याला मानकाचा आधार नाही. अभियंता मित्राने इथेच निर्णय दिला की स्लॅब तयार काँक्रीटचा होईल.

मागणी नोंदवण्याचे काम अपेक्षेपेक्षा नेटके झाले. प्लांटच्या माणसाने काँक्रीटची प्रत, गिट्टीचे कमाल माप, सिमेंटचा प्रकार, एकूण घनमीटर, पंप लागणार की नाही, पाइप किती लांब न्यायचा आणि गल्लीची रुंदी किती, हे सगळे विचारून घेतले. गिट्टी २० मिलिमीटरची, सिमेंट पीपीसी (राखेसारखे घटक मिसळलेले मिश्र सिमेंट) आणि स्लंप, म्हणजे मालाचा पातळपणा, १०० ते १२० मिलिमीटर असे आम्ही लेखी कळवले. इंदूरमध्ये जड वाहनांना दिवसाच्या काही वेळांत कित्येक रस्त्यांवर बंदी असते, म्हणून गाड्या कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता येतील हे आदल्या दिवशीच ठरवून घेतले. आमची साइट शहराच्या कडेला असल्याने बायपासवरून येणे सोपे गेले. जुन्या वस्तीत किंवा अरुंद गल्लीत घर असणाऱ्यांनी गाडी वळते की नाही हे प्लांटच्या माणसाला प्रत्यक्ष जागेवर आणून दाखवावे. फोनवरून रुंदी सांगून भागत नाही, कारण विजेच्या तारा आणि पुढे आलेल्या गच्च्या फोनवर दिसत नाहीत.

आदल्या दिवसाची तपासणी हा मित्रांच्या मदतीचा सर्वांत फलदायी भाग होता, आणि तयार काँक्रीटमुळे त्याला पुरेसा वेळ मिळाला. एरवी तो दिवस रेती चाळण्यात, पोती रचण्यात आणि मिक्सर आणण्यात जातो. अभियंता मित्राने सळईची अंतरे टेपने मोजली, टेक्यांवरच्या वरच्या सळया पायाखाली दबू नयेत म्हणून त्यांच्याखाली खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) वाढवायला लावल्या आणि कव्हर ब्लॉक (सळई आणि साचा यांत काँक्रीटच्या थराला जागा राखणारे तुकडे) सगळीकडे आहेत का ते वाकून पाहिले. स्लॅबला २० मिलिमीटर आणि बीमला २५ मिलिमीटर कव्हर ही त्याची अट होती. विजेचे काम करणाऱ्या मित्राने पंख्यांचे खोके आणि नळ्या जागेवर बांधून त्यांची तोंडे कागद कोंबून बंद केली. ते काम राहून गेले असते तर पुढे स्लॅब फोडावा लागला असता. गणिताच्या बाईंनी लेव्हलच्या पाइपने शटरिंगची, म्हणजे स्लॅबच्या साच्याची, पातळी कोपऱ्याकोपऱ्यांतून जुळवून घेतली आणि एका कोपऱ्याखालचे टेकू पुन्हा आवळायला सांगितले. या सगळ्यात कोणाशी भांडावे लागले नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ होता, आणि मिस्त्रीनेही प्रत्येक दुरुस्ती मनावर घेतली.

एप्रिल महिना होता, म्हणून पहिली गाडी पहाटे मागवली होती. ट्रान्झिट मिक्सर (फिरत्या ड्रममधून काँक्रीट आणणारी गाडी) साइटवर येतो तेव्हा त्याच्याबरोबर चलन असते आणि त्यावर गाडीचा क्रमांक, काँक्रीटची प्रत, घनमीटर, सिमेंटचा प्रकार आणि प्लांटवर माल भरल्याची वेळ छापलेली असते. तयार काँक्रीटचे मानक आयएस ४९२६ आहे, आणि त्याप्रमाणे माल भरल्यापासून दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. गोठणे लांबवणारे रसायन घातले असेल तर हा वेळ वाढू शकतो, पण ते आधी ठरलेले असावे लागते. आमच्या निवृत्त बँकर मित्राकडे चलनाचे काम दिले होते. प्रत्येक गाडीची भरण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि रिकामी झाल्याची वेळ त्याने वहीत उतरवली. घाण्यामागून घाणा पाहायला लागला असता तर दुपारीच थकला असता तो माणूस इथे शेवटपर्यंत ताजा होता, कारण त्याला तीन गाड्या तपासायच्या होत्या आणि प्रत्येक तपासणी कागदावर होती.

घनमीटरचा हिशेब कसा तपासावा, हा तयार काँक्रीट घेणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न असतो. फिरणाऱ्या ड्रममध्ये सहा घनमीटर आहे की साडेपाच, हे डोळ्यांना दिसत नाही. आम्ही सोपा उपाय केला. एक शेजारी-मित्र स्कूटरवर पहिल्या गाडीच्या मागे धर्मकाट्यावर गेला आणि गाडी भरलेली असताना एकदा आणि परत जाताना रिकामी असताना एकदा तोलून घेतली. काँक्रीटचे वजन घनमीटरला साधारण २४०० किलो धरतात, म्हणजे सहा घनमीटरचे सुमारे १४.४ टन. वजन त्या आकड्याच्या जवळ निघाले. चालकाने कुरकुर केली नाही आणि प्लांटनेही आक्षेप घेतला नाही, ही गोष्ट मी सेवेच्या बाजूने नोंदवतो. ज्याला बांधकामातले काही कळत नाही असा मित्र हे काम पूर्ण जबाबदारीने करू शकतो, म्हणून ते त्याच्याकडेच सोपवावे.

स्लंपची चाचणी प्लांटच्या तंत्रज्ञाने आमच्यासमोर केली. तीस सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू थरांनी भरायचा, प्रत्येक थर सळईने २५ वेळा टोचायचा, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचे. पहिल्या गाडीचा आकडा मागणीच्या मर्यादेत आला. दुसऱ्या गाडीचा माल थोडा घट्ट होता आणि पंप चालवणाऱ्याने चालकाला सांगितले, “भैया, थोड़ा पानी मार दो, लाइन जाम हो जाएगी.” पाण्याची नळी गाडीवरच असते, कळ फिरवायला एक क्षणही लागत नाही. अभियंता मित्र तिथेच होता. त्याने नळी बंद करायला लावली आणि तंत्रज्ञाला प्रवाहीपणा वाढवणारे रसायन मोजून घालायला सांगितले. ते गाडीबरोबर आलेलेच होते. ते घालून ड्रम काही मिनिटे वेगाने फिरवला आणि पुन्हा स्लंप घेतला, तो बरोबर आला. रसायन बरोबर असणे आणि ते वापरणारा माणूस साइटवर हजर असणे हा चांगल्या सेवेचा भाग आहे. पण तो प्रसंग एखाद्या भोळ्या मित्रासमोर घडला असता तर त्याने पाणी घालू दिले असते, आणि त्याला दोष देता आला नसता. तयार काँक्रीटमुळे पाण्याचा प्रश्न संपतो असे समजू नये. शंभराहून अधिक वेळा लक्ष ठेवायचे ते तीनदा ठेवावे लागते, इतकाच फरक पडतो. तो फरक फार मोठा आहे, पण ते तीन वेळा जाणकार माणूसच हवा.

पंप सुरू करताना आधी सिमेंटची पातळ रबडी पाइपातून सोडतात, म्हणजे आतून पाइप ओला होतो आणि माल अडत नाही. ही रबडी स्लॅबमध्ये पडू द्यायची नसते. टोळीतल्या मुकादमाने न सांगता पाइपाचे तोंड कडेला धरून ती बाहेर काढली. पंप चांगला होता, माणसे सराईत होती, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

तक्रार तिसऱ्या गाडीची आहे. दुसरी गाडी रिकामी झाल्यावर तिसरी लगोलग यायला हवी होती. ती कुठे अडकली आहे हे प्लांटवरून कोणी नीट सांगेना. प्रत्येक फोनवर “निघाली आहे” एवढेच उत्तर मिळत राहिले. एप्रिलच्या उन्हात पहिल्या मालाची कड घट्ट होत चालली होती, आणि जुन्या कडेवर उशिरा नवा माल पडला तर दोघे एकजीव होत नाहीत, तिथे सांधा राहतो आणि पुढे पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपते. अभियंता मित्राने काम गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या भागाच्या, मध्याजवळ थांबवून घेतले, कारण तिथे कातर-बल (स्लॅबला कापू पाहणारे बल) सर्वांत कमी असते, आणि कड सरळ उभी ठेवून तिच्यावर ओली पोती टाकायला लावली. गाडी आली तेव्हा कड अजून जिवंत होती आणि व्हायब्रेटर दोन्ही बाजूंत बुडवून सांधा मिसळता आला. गाडी उशिरा येऊ शकते हे मी समजून घेऊ शकतो. वेळ न कळवणे मात्र मला मान्य नाही, कारण साइटवर उभ्या माणसाला पुढचा निर्णय त्याच एका माहितीवर घ्यायचा असतो. प्लांटने नंतर दिलगिरी कळवली, पण त्या वेळी आमच्याकडे जाणकार मित्र नसता तर दिलगिरीचा उपयोग झाला नसता.

मित्रांच्या सुरक्षिततेविषयी अगदी स्पष्ट लिहायला हवे, कारण हौसेने आलेली माणसे सळईवर चढतात, पाइप धरायला धावतात आणि खाली काय चालले आहे ते पाहायला भरत्या स्लॅबखाली शिरतात. पंपाचा दाब सुटला की पाइपाचे तोंड झटका देते आणि माणूस फेकला जाऊ शकतो. ओले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. ते बुटात किंवा कपड्यात शिरून राहिले तर त्वचा भाजते आणि तेव्हा दुखतही नाही, रात्री कळते. आमच्याकडे नियम असा होता की स्लॅबवर टोळी आणि अभियंता मित्र यांखेरीज कोणी जाणार नाही, स्लॅबखाली टेकू पाहणारा एक अनुभवी सुतार सोडून कोणी उभे राहणार नाही, आणि लहान मुलांना त्या दिवशी साइटवर आणायचे नाही. काही मित्रांना ते थोडे लागले. पण पगारी मजुराची जबाबदारी कोणावर तरी कागदाने असते. प्रेमापोटी आलेल्या मित्राला इजा झाली तर ती पूर्णपणे आपल्यावर असते, आणि ती भरून देण्याचा कोणताही मार्ग नसतो.

काम दुपारच्या जेवणापूर्वी आटोपले. साइटवर कालवले असते तर रात्री दिवे लावावे लागले असते.

तयार काँक्रीटच्या स्लॅबवर भेगा पडतात, ही तक्रार इंदूरमध्ये पुष्कळदा कानावर येते, आणि काही मिस्त्री तेवढ्यावरून ते घेऊ नका असे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण भेगा कशाने पडतात तेही समजून घ्यावे. पंपाने चढवता यावे म्हणून या मालात बारीक भाग जास्त असतो, पृष्ठभाग एकदमच मोठा उघडा पडतो, आणि ऊन-वारा असेल तर वरचे पाणी आतल्या पाण्याच्या आधी उडून जाते. त्यामुळे पहिल्या काही तासांतच उथळ भेगा दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे जिथले काम पुरे झाले तिथे लगेच प्लास्टिक किंवा ओली पोती अंथरणे आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहणे. आमच्याकडे हे काम शेजारी-मित्रांनी केले आणि एका कोपऱ्यातल्या चार-दोन केसासारख्या रेषा सोडल्या तर पृष्ठभाग अखंड राहिला. त्या रेषा तिथेच आहेत जिथे वाऱ्याने प्लास्टिक उडाले होते.

पाणी मारण्याची पाळी हाही मित्रांच्या मदतीतला खरा भार असतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस स्लॅब ओला ठेवावा असे आयएस ४५६ सांगते; चौदा दिवस ठेवल्यास उत्तम. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून क्यारे केले आणि त्यांत पाणी उभे ठेवले, म्हणजे दिवसातून अनेकदा यावे लागले नाही. आमच्या वस्तीत अजून नर्मदेच्या पाण्याची लाइन आलेली नाही, म्हणून बोअर आणि टँकरवर भिस्त होती. ज्यांना सकाळी फिरायला जायची सवय आहे त्या मित्रांनी सकाळची पाळी वाटून घेतली. टेकू काढण्याची घाई भाड्याने सेंट्रिंग (साच्याच्या फळ्या आणि टेकू) देणारा करतोच. त्याला दुसऱ्या साइटवर सामान हवे असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांपूर्वी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांपूर्वी काढू नयेत, हा मानकातला काळ साध्या सिमेंटसाठी आहे. पीपीसीसाठी अभियंता मित्राने तो वाढवला आणि तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवली. त्या तारखेआधी आलेल्या ट्रॉलीला शेजाऱ्यांनी परत पाठवले.

ठोकळ्यांच्या चाचणीवरून सेवेची अंतिम परीक्षा होते. १५ सेंटिमीटरचे ठोकळे गाडीतून उतरणाऱ्या मालातूनच भरले, त्यांच्यावर क्रमांक घातले आणि पाण्यात ठेवून २८ दिवसांनी दाबून पाहिले. प्लांटनेही स्वतःचे ठोकळे भरले होते, पण आमचे आम्ही स्वतंत्र प्रयोगशाळेत नेले. सर्व ठोकळ्यांची ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर निघाली. प्लांटचा अहवाल आणि आमचा अहवाल यांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता, आणि माझ्या मते या पुरवठादाराच्या बाजूने यापेक्षा मोठी गोष्ट दुसरी नाही.

खर्चाचे म्हणाल तर घनमीटरचा दर, पंपाचे भाडे आणि जीएसटी धरून तयार काँक्रीट साइटवरच्या मालापेक्षा महाग पडले. पण त्यातून टोळीची मजुरी, मिक्सरचे भाडे, रेती-गिट्टीची नासाडी आणि रस्त्यावर पडलेल्या ढिगांचा त्रास वजा केला तर फरक बराच आवळला जातो. अगदी थोडे काम असेल, दोन-चार कॉलम किंवा लिंटेल असतील, तर ही सेवा घेऊ नये; किमान मागणीची अट असते आणि पंपाचे भाडे तेवढेच द्यावे लागते.

खर्चाहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो व्यवहाराचा प्रश्न. बांधकाम सुरू झाले तेव्हा ओळखीतल्या एकाने सिमेंट, रेती सगळे आपल्या दुकानातून घ्या असे मनापासून सुचवले होते. दरही कमी होता. आम्ही नाही म्हटले, आणि त्याला तसे का म्हणालो हेही सांगितले: माल वाईट निघाला तर मित्राची गाडी परत पाठवता येत नाही. प्लांटची गाडी परत पाठवता येते. पाण्याची नळी उघडताना थांबवता येते, धर्मकाट्यावर नेता येते, उशिराबद्दल कडक शब्दांत बोलता येते, आणि संध्याकाळी त्याच्या घरी चहाला जायचे नसते. ज्या गोष्टीत चूक झाली तर छत धोक्यात येईल, ती गोष्ट अनोळखी माणसाकडून, चलनावर, पैसे मोजून घ्यावी आणि मित्रांना तिचे साक्षीदार करावे, असे माझे ठाम मत झाले आहे. याच कारणाने अभियंता मित्राला आम्ही त्याच्या नकाशांचे आणि देखरेखीचे पूर्ण शुल्क दिले. तो घ्यायला तयार नव्हता. पण नकाशावर सही त्याची आहे, घर कोसळले तर उत्तर त्याला द्यायचे आहे, आणि अशा कामाला मैत्रीच्या नावाखाली फुकट ठेवणे अन्यायाचे आहे. बाकीच्या मित्रांना पैसे देऊ केले असते तर त्यांचा अपमान झाला असता. त्यांच्यासाठी सकाळी पोहे-जिलबी आणि दुपारी घरचे जेवण होते, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या घरी काम निघेल तेव्हा आमची हजेरी ठरलेली आहे. बँकर मित्राच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर काढायचे आहे. क्यारे भरण्याची सकाळची पाळी मी आताच मागून घेतली आहे.

वरच्या मजल्याचा स्लॅब त्याच प्लांटला द्यायचे ठरवले आहे, पण तीन अटी मागणीपत्रात लिहून: गाडी निघाली की चालकाचा क्रमांक आणि भरण्याची वेळ आमच्या माणसाला संदेशाने कळवायची, दोन गाड्यांमधले अंतर अर्ध्या तासाच्या वर जाणार असेल तर आधीची गाडी रिकामी होण्याआधी सांगायचे, आणि प्लांटचा तंत्रज्ञ शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत साइट सोडणार नाही. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या आहेत. तिसरीवर अजून बोलणे चालू आहे.